पाय घसरून

अमरावतीच्या कचेरीत मी सतरा वर्षं मेलेली माणसं मोजली. ऐकणाऱ्याला हे भयंकर वाटतं, पण काम अगदी सुस्त होतं. वऱ्हाडच्या चारही जिल्ह्यांतून दर महिन्याला कागद यायचे. कोणत्या गावात किती जन्मले, किती मेले आणि मेले ते कशानं. मी ते रकान्यांत भरायचं, बेरीज मारायची आणि वर्षअखेरीला मोठा तक्ता करून साहेबांपुढे ठेवायचा. ताप, हगवण, देवी, पटकी, साप, जनावर. प्रत्येक मरणाला एक रकाना होता. साहेब सही करून तक्ता नागपूरला पाठवायचे, आणि नागपूरला तो कोण वाचायचं ते देव जाणे.

शेवटचे दोन रकाने शेजारी शेजारी होते. एक आत्महत्येचा आणि दुसरा विहिरीत, नदीत पाय घसरून मेलेल्यांचा. पहिला जवळजवळ रिकामा असायचा आणि दुसऱ्यात आकडे मावायचे नाहीत. माझ्या आधीचे म्हातारे कारकून म्हणायचे, "काळी माती चिकट फार, बाया घसरतात." एवढं बोलून ते पान लावायला घ्यायचे. मीही हसायचो. नोकरी नवी होती, तेव्हा वरिष्ठांच्या सगळ्याच बोलण्याला हसायचो.

मग एकदा मोर्शीकडच्या एका गावचे पोलीस पाटील जानराव स्वतः कचेरीत आले. त्यांच्या गावातली एक सून विहिरीत गेली होती. त्यांच्या एका कागदावर होतं 'जीव दिला' आणि दुसऱ्यावर 'पाय घसरून'. यातलं खरं कोणतं ते कळवावं, असा मी मोठ्या रुबाबात खलिता धाडला होता. माणूस थोर होता, वयानं आणि अंगानंही. बाकावर बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला.

"खरं पहिलं हाय," ते म्हणाले. "पन तुमी दुसरं लिवा, भाऊसाहेब."

"काहून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"तिच्या धाकट्या दिराचं लगन जमून राह्यलं. घरात सुनेनं जीव देल्ला असं सरकारी कागदावर चढलं, तं कोन पोरगी देईन त्या घरात? अन् दोन ननंदा हायेत उजवाच्या. जे गेली थे गेली. मांगच्याइले जगा लागते का नाई?"

येताना त्यांनी पिशवीभर संत्री आणली होती. ती त्यांनी माझ्या टेबलाखाली सरकवली आणि मी टाक घेऊन 'जीव दिला' वर आडवी रेघ मारली. त्यानंतर मी शहाणा झालो. कागद संशयाचा दिसला की कोणाला न विचारता 'पाय घसरून' लिहायचं. संत्री गोड होती, हेही सांगून टाकतो.

पुढे एक नवे साहेब आले. त्यांनी चमत्कार असा केला, की तक्ता वाचला. दरसाल इतक्या बाया घसरतात हे पाहून गृहस्थ कळवळले. वऱ्हाडातल्या विहिरींना कठडे नाहीत म्हणून हे होतं, असं त्यांनी वर लिहिलं. गावोगावच्या पाणवठ्याच्या विहिरींना कमरेइतके दगडी कठडे बांधावेत असा हुकूम निघाला. गवंडी कामाला लागले. हे सगळं माझ्या एका आडव्या रेघेवर उभं राहिलं होतं, आणि हे ठाऊक असलेला कचेरीत मी एकटा. दोन वर्षांनी आकडा तसूभरही खाली आला नाही, तेव्हा साहेबांनी मला बोलावून विचारलं, आता कशा घसरतात? मी म्हणालो, "यंदा पाऊस जास्त झाला, साहेब."

राजापेठेत माझ्या दोन खोल्या होत्या. एकोणतीस साली सरोजिनी, माझी बायको, तापानं गेली. त्या महिन्याच्या तापाच्या रकान्यात तिची भर मीच घातली. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी घरी आलो की कुलूप काढायचं, आणि त्या कुलपाचा आवाज हा दिवसभरातला त्या घरातला पहिला आवाज असायचा. स्वतःशी बोलायची सवय लागली. मग तीही सुटली, कारण माझं बोलणं मलाच कंटाळवाणं वाटू लागलं.

सख्खं म्हणावं असं माणूस एकच उरलं होतं, धाकटी बहीण तारा. आईबाप लवकर गेले. तिला मीच वाढवली आणि चौदाव्या वर्षी अकोल्याच्या पलीकडे बोरजई गावात पांड्यांच्या घरी दिली. घर चांगलं होतं. तिचा नवरा रामराव भला माणूस, पण तोंडात शब्द नाही. सासूही मऊ. तिला तिथे कोणी मारत नव्हतं, कोणी टाकून बोलत नव्हतं. दहा वर्षांत मूल झालं नाही, तरी कोणी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला नव्हता. मला वाटायचं, बहिणीच्या बाबतीत आपण सुटलो.

आमच्याकडे सासुरवाशिणीला पंचमीला माहेरी आणायची रीत आहे. तिला न्यायला जातो तो मुराळी. बहुधा भाऊच असतो. लग्नानंतर सात वर्षं मी न चुकता मुराळी होऊन गेलो. मग सरोजिनी गेली. घरात बाई नाही, ताराला आणून कोणाच्या हातचं खाऊ घालायचं? म्हणून त्या वर्षी गेलो नाही. पुढच्या वर्षी कापसाचा बाजार कोसळला. सरकी काढायची जिनं बंद पडली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी सरकारनं आमच्याही पगाराला कात्री लावली. मुराळी रिकाम्या हातानं जात नाही. बहिणीला साडीचोळी, सासूला लुगडं, जावयाला उपरणं, निदान पेढ्यांचा पुडा. ते जमत नसेल तर जाऊ नये, अब्रूनं घरी बसावं, असं आम्हां पांढरपेशांना वाटतं. चांगल्या शेतकरी घरांतही तसंच वाटतं. मी अब्रूनं घरी बसलो. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी कार्ड टाकलं, यंदा जमत नाही, पुढल्या पंचमीला नक्की येतो.

बत्तीस साली आषाढात ताराचं कार्ड आलं. "येथे सर्व खुशाल. सासूबाईंना आता अजिबात ऐकू येत नाही. हे दिवसभर बाहेर असतात. आमच्या विहिरीला सरकारने नवा कठडा बांधला आहे. बसायला चांगली जागा झाली. पंचमीला ये." मी वाचलं आणि पत्र्याच्या डब्यात ठेवून दिलं. कठड्याचं वाचून थोडं हसूही आलं.

त्याच सुमारास उद्धवभटांनी मला हाक मारली. उद्धवभट आमच्याच वाड्यात पुढच्या खोलीत राहायचे. सत्तरी उलटलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. अपघातानं गेलेल्यांचे, जीव दिलेल्यांचे दिवस करायला लोक त्यांना बोलवायचे. बाकीच्या भटजींना ते काम नको असायचं. मंडळींना घेऊन ते कौंडण्यपूरला वर्धा नदीवर जायचे. त्यांची एक जुनी वही होती, पानं सुटलेली, शाई उडालेली.

"हरिहर, तुझं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "एवढी वही नव्यानं उतरवून दे. मला आता दिसत नाही, आणि हे बुडालं तर बरं नाही."

"काय आहे यात?"

"माणसं आहेत."

रविवारी दुपारी मी उतरवायला बसलो. प्रत्येक ओळीत नाव, गोत्र, गाव, तिथी, क्रिया कोणी केली ते. त्यापुढे एक शब्द असायचा, 'अपघात' किंवा 'आत्मघात'. आत्मघाताला आधी वेगळं प्रायश्चित्त घ्यावं लागतं, म्हणून भटजीला खरं सांगावंच लागतं. पाटलाला सांगितलं नाही, फौजदाराला सांगितलं नाही, तरी उद्धवभटांना सांगायचे. नाहीतर गेलेल्याला गती नाही.

तिसऱ्या पानावर मला मोर्शीकडचं एक गाव दिसलं. जानरावांचं गाव. तिथी जुळली. माझ्या संत्र्यांची सून. पुढे लिहिलं होतं, आत्मघात.

मी कचेरीतून जुने कागद घरी आणले. असं करायला परवानगी नव्हती, पण त्या कागदांकडे ढुंकून पाहणारं तरी कोण होतं? वही आणि कागद शेजारी ठेवून गाव आणि तिथी लावत गेलो. माझ्या 'पाय घसरून' मधल्या अठरा जणी उद्धवभटांच्या वहीत 'आत्मघात' म्हणून बसल्या होत्या. ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि अठरा नावं वाचणं वेगळं. माझ्या तक्त्यात नावं नसतातच.

वहीत प्रत्येक नोंदीच्या शेवटी आणखी एक ओळ असायची, ती मला आधी कळली नाही. 'म्हैस विकणार नाही म्हटल्यावर.' 'दुसरं करणार नाही म्हटल्यावर.' त्याच्यापुढे उद्धवभटांनीच नंतर वेगळ्या शाईनं लिहिलं होतं, 'पुढे केलं.' मी जाऊन विचारलं.

"दहाव्याला पिंड ठेवला की कावळा लगेच शिवत नाही," ते म्हणाले. "गेलेल्याचं मन कशात तरी अडकलेलं असतं. मग घरचे एकेक पुढे होऊन बोलतात, तुझी पोरं सांभाळू, तुझी म्हैस विकणार नाही. नेमकं ते बोललं की शिवतो. कोणत्या बोलण्यावर शिवला, ते मी लिहून ठेवत गेलो."

"कशाला?"

"उगाच. एवढं बोलायला माणूस मरावं का लागतं, हे मला कधी कळलं नाही. म्हणून लिहिलं."

मी परत येऊन त्याच शेवटच्या ओळी वाचत बसलो. कारकुनाची जात आमची, आकडे समोर आले की रेघा ओढल्याशिवाय राहवत नाही. मोठा कागद घेतला, पट्टी घेतली, बावीस वर्षांचे रकाने पाडले. आत्मघाताच्या एकसष्ट नोंदी होत्या, त्यांत बाया चव्वेचाळीस. आणि त्या चव्वेचाळीसांपैकी एकोणतीस जणींच्या पुढे शब्द थोडे इकडेतिकडे, पण बोलणं एकच. भाऊ म्हणाला, चल घरी, तेव्हा शिवला. बाप म्हणाला, न्यायला आलो बाई, तेव्हा शिवला. भाऊ म्हणाला, चल घरी. भाऊ म्हणाला, चल घरी.

मग सालं लावली. ज्या वर्षी कापसाला भाव होता त्या वर्षी एक, फार तर दोन, कधी एकही नाही. मोठ्या लढाईनंतर बाजार बसला होता, त्या साली सहा. मधली वर्षं पुन्हा थोडकी. आणि तीस सालापासून आजपर्यंत अकरा. यात उपाशी घर एकही नव्हतं. अर्थात मजुरांचे दिवस उद्धवभट करत नसत, तेव्हा त्यांचं मरण या वहीतही नव्हतं. पण जी होती ती सगळी खाऊनपिऊन बरी, इभ्रत जपणारी घरं. त्यांना बाजार बसल्यानं भाकरी कमी पडली नाही. साडीचोळी कमी पडली. साडीचोळी नाही म्हणून मुराळी गेला नाही, आणि मुराळी गेला नाही म्हणून ती एका गावात वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं बसून राहिली, जिथे तिच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. हे कोणत्याही साहेबाच्या ध्यानात येण्यासारखं नव्हतं. सतरा वर्षांत इतका नेटका तक्ता मी केला नव्हता. मला क्षणभर त्याचा अभिमानसुद्धा वाटला, लाज वाटते सांगायला.

मग मी उठून पत्र्याचा डबा उघडला.

बसायला चांगली जागा झाली. पंचमीला ये.

सासूला ऐकू येत नाही. नवरा दिवसभर बाहेर. तीन वर्षं. माझ्या तक्त्यात जिवंत बाईला रकाना असता, तर ती कुठे बसली असती ते मला दिसत होतं. पंचमी तीन दिवसांवर आली होती, आणि यंदा जमत नाही हे कार्ड मी आदल्याच आठवड्यात टाकलं होतं. तिला ते पोचलं असणार.

उद्धवभटांना सांगितलं, सकाळच्या गाडीनं जातो. ते एवढंच म्हणाले, "हातात काही नाही, म्हणून स्टेशनवरून परत फिरू नको."

सकाळी शिपायाजवळ रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, बहिणीला आणायचे आहे. बडनेऱ्याला गाडी बदलली. मूर्तिजापूरपर्यंत उभ्यानं गेलो. डब्यात माणसं बोलत होती आणि मला त्यांचा राग येत होता. मी सारखा मनाशी हिशेब करत होतो की कार्ड पोचून किती दिवस झाले. चार? पाच? अकोल्याला उतरल्यावर निदान बांगड्या तरी घ्याव्यात असं वाटलं, पण बोरजईकडे जाणारी एक दमणी बैल जुंपून उभीच होती. बांगड्यांच्या नादात ती गेली असती. तसाच बसलो.

वाटेतल्या नाल्याला पाणी होतं, म्हणून दमणीवाल्यानं गाडी मागच्या बाजूनं गावात घातली. दिवस कलला होता. पांड्यांच्या ओसरीवर ताराची सासू एकटीच वाती वळत बसली होती.

"तारा कुठे आहे?" मी ओरडलो.

"रामराव नाही घरी," ती म्हणाली. "बस, चहा करते."

"तारा! तारा!"

तिनं माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि मग घडवंचीकडे बोट केलं. घागर जागेवर नव्हती. "पाण्याला गेली," ती म्हणाली. "बराच वेळ झाला."

मी पळालो. धोतर सावरत, बेचाळिसाव्या वर्षी, भर गावातून. पोरं हसायला लागली. गावाबाहेर विहीर दिसली, तिच्यावरचा लिंब दिसला आणि नव्या दगडाचा पांढरा कठडा. कठड्यावर कोणीतरी बसलं होतं, माझ्याकडे पाठ करून, अकोल्याच्या रस्त्याकडे तोंड करून. पलीकडे एक म्हातारी बाई पाणी ओढत होती.

"तारे!"

तिनं वळून पाहिलं. वाळली होती. माझ्या रिकाम्या हातांकडे तिची नजर गेली आणि ती एकदम उभी राहिली. चेहरा पांढरा पडला.

"कोण गेलं, दादा?" तिनं विचारलं.

मी असा अवचित, रिकाम्या हातानं, धापा टाकत आलो होतो. कोणीतरी मेल्याशिवाय आपला भाऊ येणार नाही, असं तिच्या मनानं धरलं होतं. इतकं मी तिला शिकवून ठेवलं होतं.

"कोणी नाही गेलं," मी म्हणालो. "पंचमी आहे." आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य निघालं, जे मी वहीत एकोणतीस वेळा उतरवलं होतं. "चल घरी."

ती खाली बसली आणि कठड्याच्या दगडावर डोकं टेकून रडली. मीही रडलो, त्या म्हाताऱ्या बाईसमोरच, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. थोड्या वेळानं तारानं पदरानं तोंड पुसलं. "साडी आणली नाहीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "सासूबाईंना सांगते आणि बोचकं घेऊन येते. तू इथेच थांब, कुठे जाऊ नको." घागर तिथेच टाकून ती लहान मुलीसारखी पळत गेली.

म्हातारी आपलं पाणी ओढतच होती. घागर भरली, तशी तिनं ती उचलून लिंबाच्या बुंध्यात ओतली आणि पुन्हा दोर सोडला.

"बाई, पाणी का ओतता?" मी विचारलं.

"भौ, तुमी तिचे भाऊ होय? अमरावतीचे?"

"हो."

"मी पार्वताबाई. आताच्या पोरी पानी भरून चालल्या जातात. मंग हे एकटीच बसून राह्यते इथं, रस्ता पाहात. मी काही बोलत नाई. माही घागर सावकाश भरतो. भरली का झाडाले ओततो, अन् पुन्हा भरतो. हे उठून घरी गेली का मंग मी जातो." तिनं दोर ओढला. "चार महिने झाले. लिंब पाहा कसा झाला."

मी लिंबाकडे पाहिलं.

"तुमची बहीन सांगते, तुमी कचेरीत मेल्यायचं लिवता," पार्वताबाई म्हणाली.

"हो."

"मंग माही कौशल्या बी तुमीच लिवली असन. दर्यापुराकडे देल्ली होती. वर्स झालं तिले जाऊन."

मी आठवून पाहिलं. मला आठवेना. दर्यापूरच्या कागदावर माझ्या हातून कितीतरी रेघा गेल्या होत्या.

"पाय घसरला म्हने," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माही पोरगी विहिरीवरच वाढली, भौ. तिचा पाय घसरनारा नव्हता. पन घसरली म्हटल्यावर कोन कोनाले इचारन? दगडाले इचारन? मले कोनीच इचारलं नाई, पोरगी काहून गेली म्हनून. इचारलं असतं तं म्या सांगतलं असतं. दोन वर्सं तिले आनाले कोनी गेलं नाई. तिचा बाप म्हने, भाव येऊ दे, लुगडं घेऊ, मंग जाऊ."

"ते मीच लिहिलं," मी म्हणालो. "पाय घसरून, ते माझ्याच हातचं आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, आणि बोलावं असंच मला वाटत होतं. ती म्हणाली, "कावळा शिवलाच नाई तिच्या पिंडाले. सासरच्याइनं काय काय म्हटलं, तरी नाई. शेवटी भटानं दर्भाचा कावळा केला अन् लावला. मले जाऊ देल्लं नाई नदीवर. बाईमानसानं जाऊ नये म्हने. मी गेली असती तं शिवला असता."

तारा बोचकं घेऊन आली. तिच्यामागून दमणीवाला गाडी घेऊन आला. पार्वताबाईनं ओले हात लुगड्याला पुसले, ताराचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"जाय माय," ती म्हणाली. "घरी जाय."

गाडी निघाली. वळणावर मी मागे पाहिलं. पार्वताबाई कठड्यावर बसली होती, ताराच्याच जागी. भरलेली घागर तिच्या पायाशी होती, आणि या वेळी तिनं ती ओतली नव्हती.

तारा किती दिवसांनी बोलत होती कोण जाणे, तिचं तोंड थांबेना. गावातलं सगळं सांगून झालं, सासूचं, रामरावांचं, नव्या कठड्याचं. मग ती हसायला लागली.

"ती पार्वताबाई पाहिलीस ना? कामाला फार सावकाश आहे रे. एक घागर भरायला तास लावते. मला नेहमी वाटतं, हिला घरचे रागावत कसे नाहीत."

मी बाहेर पाहत राहिलो.

"म्हातारी आहे गं," मी म्हणालो.